तिसऱ्या तासाची हवा

आमच्या घरात शिंकेला काडीची किंमत नव्हती. दुसऱ्यांकडं कुणी निघताना शिंकलं की माणूस मागं फिरायचा, घोटभर पाणी प्यायचा आणि मग निघायचा. आम्ही तसं पाळलं असतं तर आम्हाला उंबराच ओलांडता आला नसता. उमरग्याला अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, मिरचीची अडत होती आणि गोदाम घराला लागूनच. सकाळी पोती सुटली की अव्वा, म्हणजे माझी आई, भाकरी थापता थापता पाच-सात वेळा शिंकायची, दर शिंकेला "शिवा!" म्हणायची, पण थापणं काही थांबवायची नाही. तिच्या भाकरी कडक, आठ-आठ दिवस टिकणाऱ्या. त्या आमटीत चुरून खायच्या आणि वर शेंगाची चटणी. बाहेरून हमालांचा आवाज यायचा. तोलताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. "लाभ रे लाभ... दोन रे दोन..." हा सूर ऐकतच मी अंक शिकले. त्यामुळं शाळेत पहिल्या दिवशी मोजायला सांगितलं तेव्हा मी "लाभ, दोन, तीन" म्हणाले आणि सगळा वर्ग खो-खो हसला. मला राग आला. राग मला अजूनही लवकर येतो, घरच्यांना विचारा.

अप्पांचा एक रिवाज होता. शेतकऱ्यानं पोतं आणलं की आधी रिकामी तागडी उचलून त्याच्या डोळ्यांसमोर धरायची. दोन्ही पारडी सारखी आहेत हे त्यानं तोंडानं "व्हय" म्हणून कबूल केलं, की मगच मिरचीला हात. माणूस रोजचा असो, घाईत असो, नात्यातला असो. एकदा माझा मामाच पोती घेऊन आला आणि म्हणाला, "दाजी, मी काय परका हाय का? तोला की!" अप्पांनी तागडी त्याच्या नाकासमोर तशीच धरून ठेवली. "तागडीला पाव्हणारावळा कळत न्हाय," म्हणाले. मामा बिचारा "व्हय" म्हणाला तेव्हा कुठं काम सुरू झालं.

मुलींची शाळा भरायची ती अप्पांच्याच जागेत, गोदामापलीकडच्या खोलीत. सरकारनं उस्तानी, म्हणजे शिकवणारी बाई, दिली होती, जागा गावानं बघायची होती. अप्पांनी खोली दिली आणि चार व्यापाऱ्यांच्या घरी स्वतः जाऊन जबान दिली की तुमच्या पोरींवर रस्त्यावरच्या कुणाची नजर पडणार नाही. त्या जबानीपायी खोलीच्या तिन्ही खिडक्यांना बाहेरून तरट लावलं आणि तरटावर फळ्या ठोकल्या. दार आमच्या बोळात उघडायचं, त्यालाही जाड पडदा. उजेड यायचा तो छपरातल्या दोन काचांतून. आत आम्ही बावीस पोरी, मांडीला मांडी लावून. आज हे लिहिताना मला हसू येतं, पण तेव्हा त्या चार घरच्या पोरी शाळेत आल्या त्या ह्या फळ्यांमुळंच आल्या, हेही खरं. अप्पांना नावं ठेवायची मला घाई नाही.

उस्तानीबाई हैदराबादच्या. रस्त्यानं येताना काळा बुरखा. आत आल्या की तो खुंटीवर आणि बाई आमच्यात. मराठी आमच्या गावात येऊन शिकलेल्या, त्यामुळं त्यांच्या बोलण्यात होयच्या जागी 'हौ' आणि नकोच्या जागी 'नक्को' सतत डोकवायचं. पहिल्या दिवशी त्यांनी नाकाला ओढणी लावून खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाल्या, "या अल्ला! ये मदरसा है के मिर्ची का डब्बा?" मग स्वतःच हसल्या. मारायच्या नाहीत. चिडल्या की फक्त "हौ का?" म्हणायच्या, आणि ते छडीपेक्षा जास्त लागायचं.

माझं दुखणं सुरू झालं ते तिसऱ्या तासाला. पहिले दोन तास मी सगळ्यांच्या पुढं. पाढे म्हणायला, हिशेब सोडवायला माझा आवाज पहिला. तिसरा तास लागला की डोकं ठणकायचं, डोळ्यांपुढं अंधारी यायची, जांभयांनी जबडा दुखायचा. दोनदा तर मी पाटीवरच कलंडले. घरी आणून अव्वानं कांदा हुंगवला, मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या आणि निकाल देऊन टाकला. "साकु!" साकु म्हणजे कानडीत पुरे, अव्वाचं माहेर सीमेपलीकडचं, तिला राग किंवा काळजी आली की कानडी यायची. "साकु झालं शिकणं. पोरीला शिक्षण मानवंना. हिच्या डोक्यात मावंल तेवढं मावलं, आता उतू चाललंय." अप्पा म्हणाले, "दिवाळीपतुर जाऊ दे. पुढं घरी बसंल."

मी रडले नाही. पण त्या दिवशी मी चटणीसुद्धा मागून घेतली नाही. घरी बसणं म्हणजे काय ते मला माहीत होतं. शेजारची नीलव्वा माझ्याहून चारच वर्षांनी मोठी. ती घरी बसली, लगेच लग्न झालं, आणि आता तिच्या कडेवर तान्हं पोर होतं. नीलव्वा चांगली हसरी होती, तिचं काही वाईट चाललं नव्हतं. पण मला व्यवहारी अपूर्णांक अजून यायचे होते.

उस्तानीबाईंना कळलं तेव्हा त्यांनी मला जवळ बसवून घेतलं. "सकाळी दुखतं?" नाही. "जुम्म्याच्या सुट्टीला?" नाही. "घरी वाचतीस तेव्हा?" तेव्हाही नाही. "हौ का?" त्या म्हणाल्या, पण ह्या वेळी तो 'हौ का' माझ्यासाठी नव्हता. त्या फळ्या ठोकलेल्या खिडक्यांकडं बघत होत्या. "पोरी, तुझं डोकं बरोबर हाय. हवा झूटी हाय."

झूटी म्हणजे उष्टी. एकाच्या तोंडातून गेलेली, दुसऱ्यानं घेतलेली, पुन्हा तिसऱ्यानं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती आम्हाला दाखवली. पाण्यात चुना कालवून ठेवायचा, चुना खाली बसला की वरचं नितळ पाणी बाटलीत काढून घट्ट बूच लावायचं. ही चुन्याची निवळी. घरोघरी असते, तान्ह्या पोराला दूध पचेना तर दोन थेंब देतात. पपईच्या पानाचा देठ पोकळ असतो. त्या देठानं निवळीत फुंकर मारली, आणि ते नितळ पाणी बघता बघता ताकासारखं झालं. गोदी नावाची माझी मैत्रीण ओरडलीच, "अगं माय, भानामती!" उस्तानीबाई म्हणाल्या, "भानामती नक्को, तुझाच श्वास हाय."

मग मोजायचं कसं ते आलं. तीन बाटल्या घेतल्या: औषधाची लहान, काढ्याची मधली, रॉकेलची धुतलेली मोठी. बाटली पाण्यानं भरायची आणि खोलीच्या मधोमध पालथी करायची. पाणी गेलं की त्या जागी खोलीतली हवा आत. तिन्हींत निवळी मात्र एकेक पळीच. बूच लावून शंभर म्हणेपर्यंत हलवायची. हवा चांगली असेल तर मोठ्या बाटलीतली निवळीसुद्धा जेमतेम धुरकट होते. हवा जितकी उष्टी, तितक्या लहान बाटलीत निवळी पांढरी. पहिल्या तासाला मोठी पांढरी व्हायची, दुसऱ्याला मधली, तिसऱ्याला लहानसुद्धा, हे आम्ही आठवडाभर रोज मांडून ठेवलं. मी एकदा विचारलं, "उस्तानीबाई, मिरची कुठल्या बाटलीत दिसती?" त्या खूश झाल्या. "कुठल्याच नाही. बाटली एकच गोष्ट सांगते. मिरचीचं तुझ्या नाकाला विचार." मापाला जे विचारलं तेवढंच ते सांगतं, हे मला तेव्हा कळलं. पुढं आयुष्यभर लोक मापांना भलतंच विचारताना मी बघितले, आणि भांडलेही.

उस्तानीबाईंनी पडद्याआडून अप्पांना निरोप धाडला: खिडक्या उघडा. अप्पांचा निरोप आला: जबान दिलीय. असे तीन-चार निरोप मीच ने-आण केले, आणि दोन्हीकडचं तोंड मलाच बघावं लागलं. शेवटी ठरलं की चारी व्यापाऱ्यांनी आणि अप्पांनी तिसऱ्या तासाला येऊन डोळ्यांनी बघायचं. लहान बाटली पांढरी झाली तर फळ्या काढायच्या. नाही झाली तर हवेचा विषय बंद. अव्वा चुलीपाशून म्हणाली, "आणि हिचं बी दिवाळीपतुर कशाला? त्याच दिवशी फैसला." म्हणजे बाटलीत माझी शाळाच घालून हलवायची होती.

निवळी करायचं काम माझ्याकडं. आदल्या दिवशी अव्वाच्या पानाच्या डब्यातला चुना घेऊन मी ती केली, बाटलीत भरली, बूच दाबून बसवलं आणि फडताळात ठेवली. सकाळी जेवून, बाटली पदराखाली धरून शाळेत गेले. बुडाशी जरा गढूळ साका होता, पण तो रोजच्या चुन्याचाच म्हणून मी लक्ष दिलं नाही.

तिसऱ्या तासाला चारी व्यापारी आले. त्यांतले चनबसप्पा सगळ्यांत वजनदार, अंगानं आणि बोलण्यानंही. त्यांना बसायला पोतं दिलं. अप्पा दाराशी उभे. अव्वा आणि नीलव्वा पडद्यापलीकडं बोळात. उस्तानीबाई बुरख्यात भिंतीशी उभ्या, त्यामुळं सगळं मलाच करायचं होतं. मी लहान बाटली पालथी केली, पळीभर निवळी घातली, हलवली. सगळ्या पोरी मनात शंभर म्हणत होत्या, ओठ हललेले दिसत होते. बाटली उजेडात धरली. पाणी नितळ. मग मधली हलवली. नितळ. मोठी. तीही विहिरीच्या पाण्यासारखी स्वच्छ.

"सोन्यावानी हवा हाय की!" चनबसप्पा म्हणाले आणि उठायला लागले. अप्पांनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या तोंडावर आनंद नव्हता, एवढं मला दिसलं. पडद्यामागून अव्वाच्या बांगड्या वाजल्या. आणि माझं डोकं, माझं मेलं डोकं, घणाचे घाव घातल्यासारखं ठणकत होतं. डोकं म्हणत होतं हवा उष्टी आहे, बाटली म्हणत होती नाही. दोघांतलं एक खोटं होतं. मी घाबरून उस्तानीबाईंकडं बघितलं, पण बुरख्यातून काय दिसणार? तेवढ्यात बाहेर हमालानं "लाभ रे लाभ" सुरू केलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अप्पा, तुम्ही रिकामी तागडी दाखवल्याबिगर मिरची तोलता का?"

चार माणसांत बापाला असं विचारायचं! अप्पा म्हणाले, "न्हाय. कामून?"

"मग आधी ह्या पाण्याची तागडी बघा. हवा मागनं तोला."

मी पपईचा देठ घेतला आणि उरलेल्या निवळीत फुंकले. श्वासानं तर ती पांढरी व्हायलाच पाहिजे, ते पोरींनी पन्नास वेळा बघितलं होतं. मी गाल दुखेपर्यंत फुंकले. पाणी नितळच राहिलं. गोदी ओरडली, "निवळीच खोटी हाय!" अप्पा दारातून पुढं आले. त्यांनी बाटली हातात घेतली, देठ घेतला आणि स्वतः फुंकून बघितलं. मिशीवरून पाणी निथळत होतं, पण पाणी पांढरं होईना. "पारडं झुकतंय," ते म्हणाले. "चनबसप्पा, बसा खाली. हे तोलणं धरायचं न्हाय."

तेव्हा पडदा हलला आणि अव्वाचा आवाज आला. चार परक्या पुरुषांपुढं तिचा आवाज मी जन्मात पहिल्यांदा ऐकला. "म्याच केलं. नीलव्वाचं पोर रातपास्नं दूध ओकत व्हतं. तिला निवळी दिली, बुडाशी बोटभर राहिली. पोरगी चिडंल म्हणून म्या वरून विहिरीचं पाणी भरलं. पाणी ते पाणीच की, मला काय ठावं?" लगेच मागून नीलव्वाचा रडवेला आवाज, "माझ्यापायी झालं वो!" अप्पा हसू आवरत म्हणाले, "पोर कसं हाय?" "झोपलंय," नीलव्वा म्हणाली.

मला अव्वाचा राग आला नाही. तिला माझी शाळा बंद करायची होती. गप्प बसली असती तर काम आपोआप झालं असतं. तरी ती बोलली. हे मला त्या दिवशी कळलं नाही, पुष्कळ वर्षांनी, ती गेल्यावर कळलं. त्यामुळं तिला सांगायचं राहूनच गेलं.

आता नवी निवळी पाहिजे. उस्तानीबाईंनी माझ्या कानात सांगितलं आणि मी मोठ्यानं म्हणाले, "चुना तुमचाच घ्या, म्हणजे कुणी खोट म्हणणार न्हाय." चौघांनी आपापल्या चंच्या सोडल्या, डब्या काढल्या, बोटांनी चुना निपटून भांड्यात टाकला. कालवला. आता तो खाली बसेपर्यंत थांबायचं. उस्तानीबाई पुन्हा माझ्या कानाशी आल्या, आणि ह्या वेळी बुरख्याच्या आत त्या हसत होत्या हे मला ऐकू आलं. मी सांगितलं, "तवर सगळ्यांनी हितंच बसायचं. कुणी उठायचं न्हाय, पडदा हलवायचा न्हाय. न्हायतर खोलीची हवा बदलंल."

तो तास मी कधी विसरणार नाही. आम्ही पोरी सरावलेल्या. पण व्यापाऱ्यांना पहिल्या घटकेतच घाम फुटला. एकानं जांभई दिली, ती दुसऱ्याला गेली, तिसऱ्यानं तोंडावर उपरणं धरलं. एकजण कपाळ चोळत म्हणाला, "आज ऊन लई हाय." पोरी एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. चनबसप्पा "मला काय हुतंय?" म्हणता म्हणता पोत्यावर मागं रेलले आणि घोरायलाच लागले. गोदीनं पदर तोंडात कोंबला. अप्पा मात्र ताठ बसून एकटक माझ्याकडं बघत होते. माझे डोळे मिटत होते आणि मी ते उघडे ठेवायची शिकस्त करत होते, ते त्यांनी पहिल्यांदा समोर बसून बघितलं असावं.

निवळी बसली. वरचं नितळ पाणी मी फडक्यातून गाळून काढलं. अप्पा म्हणाले, "आधी रिकामी तागडी." मी फुंकले, ताक. चौघांनी तोंडानं "व्हय" म्हटलं, चनबसप्पांना उठवून त्यांच्याकडूनही म्हणवून घेतलं. मग लहान बाटली पालथी केली, पळीभर निवळी, बूच, आणि पोरींनी ह्या वेळी मनात नाही, मोठ्यानं शंभर म्हटले. पन्नासच्या आतच ती लहानशी बाटली पांढरीफेक झाली.

"म्हंजे काय झालं?" चनबसप्पांनी डोळे चोळत विचारलं.

"हवा उष्टी हाय," मी म्हणाले. "तुम्ही आत्ता तासभर आमच्या सगळ्यांची उष्टी हवा खाल्ली."

उष्टं म्हटल्यावर चनबसप्पांचं तोंड बघण्यासारखं झालं. ते सोवळ्याचे फार, घरात सुनेच्या ताटातला घास खायचे नाहीत. "शिवा शिवा शिवा!" म्हणत ते उठले, आणि तेवढं वजनदार माणूस पडद्यातून इतक्या चपळाईनं गेलेलं मी पुन्हा बघितलं नाही. बाहेरून ओरडले, "अप्पासाब, फोडा त्या फळ्या! लेकरांना काय खायला घालताय!"

फळ्या अप्पांनी स्वतः काढल्या, हमालाला हात लावू दिला नाही. जबानही मोडली नाही. प्रत्येक खिडकीचा खालचा अर्धा भाग तरटानं झाकलेला ठेवला, वरचा अर्धा मोकळा सोडला. बसलेली पोर रस्त्यावरून दिसायची नाही आणि वारं मात्र आरपार जायचं. त्यानंतर तिसऱ्या तासाला लहान बाटली कधी पांढरी झाली नाही. आम्ही वर्षभर रोज बघत होतो, आणि रोज आधी फुंकत होतो.

परवा धाराशिवला नातीच्या शाळेत गेले होते. वर्गात भिंतीवर एक पांढरा डबा बसवलाय, हवा किती उष्टी ते आकड्यात सांगतो. पोरी आकडा वहीत लिहून घेत होत्या. मी तिथल्या बाईंना विचारलं, "ह्याची रिकामी तागडी कोण बघतं?" त्या गोंधळल्या. म्हणाल्या, "आजी, मशीन आहे ते, चुकत नाही." नात माझा हात ओढायला लागली, कारण तिला माहीत होतं मी आता काय करणार. मी डबा वर्गाबाहेर मोकळ्या अंगणात न्यायला लावला, मग पोरींना त्याच्याभोवती दाटीनं बसवून त्याच्यावर फुंकायला लावलं. अंगणात आकडा खाली आला, फुंकल्यावर वर गेला. डबा खरा निघाला. बाईंनी मला चहा दिला.

पण मला सांगायचं आहे ते फळ्या काढल्याच्या दुसऱ्या दिवसाचं. संध्याकाळी जेवायला बसलो होतो. अव्वानं अप्पांना आमटी वाढली, भाकरी वाढली आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "मग हिचं कसं? घरी कधी बसवायची?" माझा घास हातातच राहिला. अप्पा म्हणाले, "आज तोलताना लाभ म्हटलं आणि खिडकीतून हिचा पाढ्यांचा आवाज आला. पहिल्या तासाला बी, दुसऱ्याला बी. तिसऱ्या तासाला म्या तोलणं थांबवून ऐकलं. आवाज येतच व्हता." त्यांनी भाकरी मोडून आमटीत चुरली. अव्वा म्हणाली, "ते झालं. पण दिवाळीनंतर?"

"दिवाळीनंतर थंडी पडंल," अप्पा म्हणाले. "खिडक्या उघड्या राहणार. पोरीला एक घोंगडी दे संगं."